ढब्बूची आंघोळ

जिन्यातल्या ओल्या भिंतीचे रोज सकाळी फोटो काढणारी बाई लोकांना कशी दिसत असेल, याचा मी कधी विचारच केला नव्हता. मी आपली स्वतःकडे स्वतःच्या नजरेने बघत होते, आणि त्या नजरेला मी कलावंत दिसत होते.

आमचं घर तिसऱ्या मजल्यावर. लिफ्ट नाही. दाराबाहेर पाऊल टाकलं की समोर जिना, आणि जिना सुरू होतो तिथल्या भिंतीला ओल आली होती. चांगली ऐसपैस ओल. कडेने चहाच्या डागासारखी तपकिरी, मधे काळपट. मोठी माणसं 'ओल आली वाटतं' म्हणून पुढे जात. माझी मुलगी पुढे जात नसे. घरात एका जागी ठरत नाही म्हणून आम्ही तिला भिंगरी म्हणतो, पण त्या भिंतीपाशी आली की भिंगरीचा खांब व्हायचा.

"तिथे कोणीतरी बसलंय."

"कोण बसलंय?"

हे मात्र ती सांगायची नाही. मग मी तिला उचलायची. एका खांद्याला तिचं दप्तर, दुसऱ्यावर ती, आणि तिचं डोकं माझ्या मानेत असं खुपसलेलं की मला पायरी दिसायची नाही. अशी मी रोज तीन मजले अंदाजाने उतरायची. मूल चार वर्षांचं होईपर्यंत किती वाढतं हे तक्त्यात लिहिलेलं असतं. किती जड होतं ते जिन्यात कळतं.

सल्ल्यांना तोटा नव्हता. समोरच्या वहिनी म्हणाल्या, तिला डोळे मिटून उतरव. मी तसं केलं, आणि भिंगरीने डोळे मिटले तेही भिंतीकडे तोंड करून, कारण 'तो काय करतोय ते बघायला नको, पण कळायला हवं' असं तिचं म्हणणं. नवऱ्याचं म्हणणं पडलं की मुलांना नेहमी खरं ते सांगावं. त्याने तिला मांडीवर घेऊन भिंतीत पाणी कसं चढतं, केशाकर्षण म्हणजे काय, हे नीट समजावलं. तिने सगळं लक्ष देऊन ऐकलं आणि विचारलं, "केशाकर्षण चावतं का?"

त्या दिवसापासून घरात केशाकर्षण हा शब्द कोणी काढत नाही.

तिला सर्दी झाली म्हणून घरी ठेवलं होतं, त्या दुपारी मला ते सुचलं. नवऱ्याच्या ऑफिसातून निवृत्त होऊन आलेला एक जुना टॅब्लेट आमच्याकडे आहे, आणि त्याला एक पेन आहे. मी भिंतीचा फोटो काढला आणि तो टॅब्लेटवर घेऊन बसले. चित्र काढण्याचं एक ॲप त्यात आधीपासून होतं. त्यात लेयर नावाची सोय असते. लेयर म्हणजे फोटोवर ठेवलेली काच समजा. काचेवर हवं ते गिरवा, खालच्या फोटोला धक्का लागत नाही. मी अर्थशास्त्राची पदवीधर आहे. माझ्या शिक्षणात कुठेही काहीही गिरवून खालचं शाबूत राहत नव्हतं, त्यामुळे मला हे फारच आवडलं.

मी ओलीच्या वरच्या टोकाला दोन डोळे काढले. भिंगरी नाक ओढत माझ्या कोपराखाली घुसली.

"तो एवढाच आहे?" ती म्हणाली.

"एवढाच."

"मग त्याला चपला दे. पाय गार पडतील."

मी चपला दिल्या. डावी चप्पल मोठी झाली. तेव्हा मी तिला या ॲपमधली सर्वांत मोठी गंमत दाखवली: दोन बोटं जोडून काचेवर टकटक केलं की शेवटची रेघ पुसली जाते आणि त्याआधीचं परत येतं. भिंगरीने आधी माझ्याकडे पाहिलं, मग बोटांकडे. नंतर चप्पल जात-येत राहिली, पाऊण तास.

प्राण्याचं नाव तिनेच ठेवलं, ढब्बू. ढब्बू नेमका कोणता प्राणी, यावर आमच्या घरात आजही एकमत नाही. नवरा म्हणतो गेंडा. मला तो बसलेला उंट वाटतो. भिंगरीच्या मते तो ढब्बूच आहे, आणि आम्ही उगाच विषय वाढवतो.

दुसऱ्या दिवशी ती जिन्यात थांबली, पण थांबण्याची तऱ्हा निराळी होती. तिने टॅब्लेटवरचं चित्र पाहिलं, मग भिंत पाहिली, मग चपला जिथे असायला हव्यात त्या जागेला हात लावला. "आहेत," म्हणाली, आणि जिना उतरायला लागली. स्वतःच्या पायांनी. मी मागून रिकाम्या हातांनी उतरताना कठडा पकडला, कारण रिकाम्या हातांची सवय मोडली होती.

अट एकच होती. ढब्बू रोज काहीतरी नवीन करायला हवा. ओलीचं तसं बरं होतं. ती स्वतःच रोज थोडी बदलायची. मी सकाळी उठून आधी भिंत बघायला लागले. आणि खरं सांगते, एवढी वर्षं भिंत ही गोष्ट मी पाहिलीच नव्हती. जिन्याच्या खिडकीतून ऊन आडवं आलं की गिलाव्याच्या बारीक फुगवट्यांना सावल्या पडतात आणि ढब्बूला केस फुटतात. फ्लॅश मारला की टक्कल पडतं. ओल पुढे सरकली की जुनी कडा मागे तशीच राहते, त्यामुळे त्याच्या पोटात अजून एक छोटं पोट दिसतं. मी गुडघ्यावर बसून, पायरीवर आडवी होऊन, एकदा जळमटं काढायचा झाडू हातात धरून फोटो काढले. कुतूहलाचं व्यसन असं वाईट लागतं की माणूस पायपुसण्यावर लोळतोय याचं त्याला भान राहत नाही. ढब्बूने पेपर वाचला, ढब्बूला सर्दी झाली, ढब्बूच्या पाठीवर दप्तर आलं.

मग एका सकाळी ओल खालपर्यंत उतरली आणि भिंतीवरून चक्क थेंब ओघळले.

"तो आंघोळ करतोय," भिंगरीने निकाल दिला.

"कोण घालतंय त्याला?"

तिने वर पाहिलं. आमच्या बाहेरच्या खोलीचा कोपरा आणि ही जिन्याची भिंत, यांच्या बरोबर डोक्यावर चौथ्या मजल्यावरच्या काकूंचं बाथरूम येतं. "वरच्या काकू," ती म्हणाली.

काकू एकट्या राहतात. मला कधी उशीर झाला तर भिंगरीला शाळेच्या गाडीतून उतरवून घेतात, तिचे सगळे प्रश्न ऐकून घेतात. म्हणून मी त्यांचं चित्र मनापासून काढलं. वरून वाकून बादली ओतणाऱ्या, हसऱ्या, अंबाड्याच्या, भरलेल्या दंडांच्या काकू. खाली ढब्बू, डोक्यावर फेस. मला माणूस कधी जमत नाही, पण त्या दिवशी काकू हुबेहूब उतरल्या. मी ते चित्र दिवसभर पुन्हा पुन्हा उघडून बघत होते. पुढचं सगळं त्या कौतुकानेच घडलं.

इमारतीचे सेक्रेटरी खिशात कायम बॅटरी ठेवतात. भर उन्हातही ती लावून ते पाइपांची चौकशी करतात. त्यांनी मला पायरीवर आडवी असताना गाठलं.

"शाबास," ते म्हणाले. "मी बरेच दिवस बघतोय. पुरावा गोळा करताय."

आता, ओलीला चपला घालतेय, हे सेक्रेटरींना कसं सांगायचं? मी उठून बसले आणि "हो, जरा," एवढंच म्हणाले. 'जरा' या शब्दाने माझा घात केला.

"महापालिकेचा इमारत विभाग फोटोशिवाय तक्रार घेत नाही. तुमच्याइतके फोटो पूर्ण इमारतीत कोणाकडे नसतील. आजच्या आज पाठवा."

मी भिंगरीला भरवता भरवता पाठवले. काचा उचलून, म्हणजे चित्राचा लेयर बंद करून, नुसती ओल दिसेल असे सगळे फोटो तयार केले होते. फक्त एकाची काच उचलायची राहिली. कोणत्या, ते सांगायला नकोच. जे चित्र मी सारखं उघडून बघत होते तेच.

सेक्रेटरी फोनवर चष्म्याशिवाय बघतात. त्यांनी ते तसेच पुढे धाडले. विभागात काय झालं ते कळायला मार्ग नाही, पण महिनोन्‌महिने कोणाच्या हाकेला न येणारा इन्स्पेक्टर लगेचच आमच्या जिन्यात उभा राहिला. शिडशिडीत, हळू बोलणारा गृहस्थ. हातात माझ्या चित्राची रंगीत प्रत.

"हे कोणी केलंय?"

सेक्रेटरींनी अभिमानाने माझ्याकडे बोट दाखवलं.

"लोक नुसता डाग पाठवतात, बाई. उगम दाखवत नाहीत. इथे उगम स्पष्ट दाखवलाय." त्यांचं बोट बादलीवर होतं. मग ते खाली सरकलं. "आणि ही आकृती?"

"ती... आकाराचा अंदाज यावा म्हणून," मी म्हणाले. हे मी का म्हणाले, मला माहीत नाही.

"कसली आकृती आहे पण?"

"गेंडा," नवरा दारातून म्हणाला.

"मला बदक वाटलं होतं," सेक्रेटरी म्हणाले. त्यांनी आता चष्मा लावला होता आणि त्यांचा आवाज खाली आला होता.

इन्स्पेक्टरांनी कागद भिंतीशेजारी धरला. मान तिरकी केली. बराच वेळ बघत राहिले. "बसलाय," ते शेवटी म्हणाले.

"त्याचं नाव ढब्बू आहे," भिंगरी म्हणाली.

"रोज इथेच असतो?"

"हो. पण आज आंघोळ झाली नाही."

त्यांनी त्यांच्या वहीत काहीतरी टिपलं. तेवढ्यात आवाज ऐकून काकू वरून उतरल्या, आणि कोणी काही बोलायच्या आत तो कागद त्यांच्या हातात गेला.

काकूंनी तो खिडकीच्या उजेडात धरला.

"ही मी?" काकू म्हणाल्या.

"काकू, ते भिंगरीसाठी होतं, चुकून—"

"माझे दंड एवढे आहेत?"

इन्स्पेक्टरांनी निष्कर्ष काढला की काकूंचं बाथरूम फोडून बघावं लागेल. मी म्हणाले, अहो, ते चित्र आहे, कल्पना आहे. ते म्हणाले, बाई, आता माघार घेऊ नका, शेजारधर्म सगळ्यांनाच असतो. माझी कला कोणीतरी पहिल्यांदाच इतकी मनावर घेतली होती, आणि ती वेळ अशी.

काकूंच्या बाथरूमच्या फरशा निघाल्या. काकूंना आंघोळीला जागा राहिली नाही. वहिनींकडे पाहुणे होते. त्यामुळे ज्या बाईच्या हातात मी आंघोळीची बादली दिली होती, ती रोज सकाळी खांद्यावर टॉवेल टाकून आमच्याकडे आंघोळीला येऊ लागली.

"येऊ का गं?" काकू दारातून म्हणायच्या. "आज चित्र काढणार असशील तर आधी सांग. केस विंचरून येते."

मी त्यांना लेयर समजावून सांगायचा प्रयत्न केला. खाली फोटो असतो, वर काच असते, काच उचलायची राहिली. काकूंनी साबणाची डबी बंद केली. "काच असो नाहीतर कागद," त्या म्हणाल्या. "माणसाला वर बसवून हातात बादली दिली की दिली."

मी त्यांना गरम पाणी काढून दिलं.

आणि फरशांखाली निघालं काय? कोरडं ठणठणीत. ओल येत होती ती भिंतीतल्या जुन्या पाइपातून, ज्याच्याशी काकूंचा काहीएक संबंध नव्हता. सेक्रेटरींनी 'असं होतं कधीकधी' म्हणून बॅटरी विझवली. पाइप बदलला. काकूंच्या बाथरूमला नव्या फरशा बसल्या. भिंत हळूहळू सुकायला लागली, आणि मला दुसरीच धास्ती लागली.

ढब्बू बारीक होत होता. आधी चपला सुकल्या, मग पाय. मी ठरवलं, मुलीला आधीपासून तयार करायचं. त्या दिवशी मी त्याच्या हातात एक बॅग काढली.

"कुठे चाललाय?"

याचा मी विचार केला नव्हता. काळजी करणाऱ्या आयांनी उत्तर माहीत नसलेली बॅग काढू नये. "मावशीकडे," मी म्हणाले.

"तिचं घर कुठे आहे?"

"लांब."

"कुठल्या लांब?"

मी विषय दुधाकडे नेला. विषय दुधाकडे गेला नाही.

रंगाऱ्याने भिंत पांढरीशुभ्र केली त्या सकाळी आम्ही दार उघडलं आणि भिंगरी उंबऱ्यातच थांबली. मग पुढे गेली. दोन बोटं जोडली आणि भिंतीवर टकटक केलं. वाट पाहिली. पुन्हा टकटक केलं, थोडं बाजूला. मग खाली. मग हात पोचेल तिथपर्यंत सगळीकडे.

"आई, परत येत नाहीये."

मला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा मी तिचा हात धरायला हवा होता, कारण रंग ओला होता. पण मी नुसती उभी राहिले. पांढऱ्या भिंतीवर जोडीजोडीने ठिपके उठले होते. मला ते बघता बघता डोळे दिसायला लागले. बारके, गोल, सगळीकडून बघणारे डोळे. लाज वाटते सांगायला, पण मी टॅब्लेट काढून फोटो घेतला.

"बघ भिंगरी, किती डोळे. ढब्बू आतून बघतोय."

तिने पांढरी बोटं माझ्यासमोर धरली. "ही माझी बोटं आहेत," ती म्हणाली. कलावंताला यापेक्षा नेमकी टीका मिळत नाही.

सेक्रेटरींनी भिंत पुन्हा रंगवून घेतली, माझ्याकडे न बघता. आणि मी पुन्हा मुलीला उचलायला लागले. मधल्या काळात ती आणखी जड झाली होती. पूर्वी ती डोकं मानेत खुपसायची. आता उलट, माझ्या खांद्यावरून भिंतीकडे बघत राहायची, दिसेनाशी होईपर्यंत. वहिनी म्हणाल्या, प्राण्यांचे स्टिकर आणून लाव. आणले. भिंगरी म्हणाली, हे कोण आहेत, मला ओळखत नाहीत. नवरा म्हणाला, भिंतीवर खराच ढब्बू काढ. मी सेक्रेटरींना विचारलं. ते म्हणाले, समितीपुढे ठेवतो. समितीने कळवलं की सामायिक भिंतीवर प्राणी काढायला हरकत नाही, पण प्राण्याची जात निश्चित करून द्यावी. तिथे आमच्या घराचं एकमत झालं नाही.

शेवटी एकदा पायरीवर दम खाताना मी तिला विचारलं, "आता तर भिंतीत कोणीच नाही. मग भीती कसली?"

"तो कुठे गेलाय ते माहीत नाही ना," ती म्हणाली.

शाळेची गाडी नेहमीपेक्षा जरा उशिरा आली की शाळेत फोन करणारी मी. एकदा नवरा दुकानात रेंगाळला तर दुकानदाराला फोन केला होता. या मुलीला मी काय सांगणार?

त्यानंतर काही दिवसांनी, सकाळी दप्तर भरताना, तिच्या वहीवर टप्पकन थेंब पडला. मी वर पाहिलं. बाहेरच्या खोलीच्या कोपऱ्यात, बरोबर काकूंच्या नव्या कोऱ्या फरशांखाली, छताला तपकिरी कडेचा डाग आला होता. मधे काळपट. एका बाजूला पोट सुटलेलं.

नवऱ्याने पाहिलं. "बाथरूम फोडलं तेव्हा काहीतरी हललं असणार," तो म्हणाला आणि सेक्रेटरींना लावायला फोन उचलला.

"थांब," मी म्हणाले. "आधी टॅब्लेट दे."

भिंगरी बूट हातात घेऊन आली. आमच्या दोघांच्या माना वर होत्या, म्हणून तिनेही मान वर केली. बघत राहिली. मग खाली बसून बूट घालायला लागली.

"इथे आलाय होय," ती म्हणाली. रागावल्यासारखी, शोधून शोधून दमलेल्या माणसासारखी.

बंद लावून झाले तशी ती उठली, दारापर्यंत गेली, परत आली आणि छताकडे बघून म्हणाली, "मी शाळेत जाऊन येते. इथेच बस." आणि जिना उतरायला लागली. नवरा दप्तर घेऊन तिच्या मागे धावला, एका पायात चप्पल. मी दारात उभी राहून तिची पावलं ऐकली. पांढऱ्या भिंतीपाशी ती थांबली नाहीत. पार खालपर्यंत गेली.

मी आत वळले तशा माझ्या मागोमाग काकू आल्या, खांद्यावर टॉवेल. त्यांचं बाथरूम कधीच तयार झालं होतं, पण आमच्याकडचा आरसा बरा आहे म्हणून त्या अजून यायच्या. त्या मी बघत होते तिकडे बघायला लागल्या. मी त्यांच्या चेहऱ्यावर हिशेब उलगडताना पाहिला.

"हे माझ्या बाथरूमच्या खाली येतं," काकू म्हणाल्या.

"हो."

"या वेळी खरंच माझं आहे."

"हो, काकू."

"सेक्रेटरींना कळवलंस?"

"कधीतरी कळवावं लागेलच," मी म्हणाले. "पण आत्ता भिंगरी स्वतःच्या पायांनी खाली गेली."

काकू टॉवेल मांडीवर घेऊन डागाच्या बरोबर खालच्या खुर्चीत बसल्या. एक थेंब त्यांच्या शेजारी पडला. त्या उठल्या, स्वयंपाकघरातून पातेलं आणून त्याखाली ठेवलं, पुन्हा बसल्या.

"बादली माझ्याच हातात असणार ना?"

मी पेन शोधत होते. ते खाली ठेवलं. "चालेल तुम्हाला?"

"चालेल. दंड जरा बारीक कर." त्यांनी डोळे बारीक करून वर पाहिलं, डावीकडे मान कलवली, मग उजवीकडे. "आणि चित्रात मला चष्मा काढ गं. त्याशिवाय तो कुठे बसलाय ते मला दिसायचं नाही."